पडदा रंगवणारा माणूस : कलामहर्षी बाबूराव पेंटर

चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण नायक-नायिकेविषयी बोलतो, संवाद एकमेकांना ऐकवतो, गाणी गुणगुणत घरी जातो. पण अमुक एका प्रसंगी आपले डोळे का भरून आले, असे कोणी थांबवून विचारले तर चटकन उत्तर सापडत नाही. नटाने तर त्या वेळी काहीच केलेले नसते. पडद्यावर फक्त एक रिकामी खाट दिसली होती, किंवा कोपऱ्यात मिणमिणणारा एक दिवा. ती खाट तिथे कोणी ठेवली? दिव्याचा उजेड किती असावा, कॅमेरा किती लांब उभा करावा, हे कोणी ठरवले? ज्याने ठरवले तो दिग्दर्शक. तो पडद्यावर दिसत नाही, पण प्रेक्षकाच्या मनाची दोरी त्याच्या हातात असते.

ही विद्या आपल्या देशात कोणत्याही शाळेत शिकवली जात नव्हती, त्या काळात कोल्हापुरातील एका कारागीर घराण्यातल्या तरुणाने ती स्वतःच्या हाताने घडवली. 'घडवली' हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावा, कारण चित्रपट काढण्यापूर्वी या माणसाला कॅमेराच घडवावा लागला होता. बाबूराव पेंटर हे त्यांचे नाव. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही नावे आपल्या तोंडी असतात. पण ही सारी मंडळी ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या गुरूचे चरित्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घरात लाकूडकाम, लोखंडकाम, रंगकाम, मूर्तिकाम अशा अनेक कलांचा वारसा होता. मोठमोठ्या पदव्या या घराने पाहिल्या नव्हत्या. पाहिली होती ती पटाशी, कानस आणि कुंचला. बाबूरावांनी चित्रकला आणि शिल्पकला कोणत्याही कलाशाळेत जाऊन शिकली नाही. वडिलांचे हात पाहून आणि स्वतःचे हात चालवून ती त्यांना आली. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे त्यांचे सोबती. दोघांनी मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्याचे काम हाती घेतले आणि १९१० ते १९१६ या काळात त्यांच्या पडद्यांचा एवढा बोलबाला झाला की 'मिस्त्री' हे आडनाव मागे पडून लोक त्यांना 'पेंटर' म्हणूनच ओळखू लागले.

नाटकाचा पडदा रंगवणे हे वाटते तितके सोपे काम नाही. सपाट कापडावर राजवाड्याचा लांबच लांब दिवाणखाना दाखवायचा, जवळचे खांब मोठे आणि दूरचे लहान काढायचे, बत्तीचा उजेड कोणत्या बाजूने पडणार हे ओळखून सावली रंगवायची. शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा खोली भासली पाहिजे. म्हणजे पडदा रंगवणारा माणूस दररोज एकच प्रश्न सोडवत असतो : खोटी वस्तू खरी कशी वाटेल? बाबूरावांच्या पुढील सगळ्या आयुष्याची तयारी या प्रश्नाने करून घेतली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१९१३ साली मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला. हलणारे चित्र आपल्या माणसालाही काढता येते, हे त्या एका चित्रपटाने सिद्ध केले, आणि कोल्हापूरच्या या दोघा भावांना त्याने झपाटून टाकले. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणला. पण चित्र दाखवून त्यांचे समाधान होईना. त्यांना चित्र काढायचे होते. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. मग आनंदरावांनी कॅमेरा स्वतः तयार करायचे मनावर घेतले.

हे धाडस केवढे होते हे कळण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडी समजून घ्यायला हवी. चित्रपटाची फीत सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते, तेवढ्यात भिंगातून आलेला उजेड तिच्यावर पडतो, मग झडप उजेड अडवते आणि त्या अंधारात एक लहानशी आकडी फितीच्या कडेच्या छिद्रांत अडकून तिला पुढच्या चित्राइतकी ओढते. एका चित्राला एका बाजूला चार छिद्रे आणि एका फुटात सोळा चित्रे. मूकपटाच्या जमान्यात साधारण सेकंदाला सोळा चित्रे घेत, आणि त्यासाठी कॅमेऱ्याची मूठ सेकंदाला दोनदा फिरवत. आकडी केसभर चुकली की चित्र पडद्यावर नाचते. झडप किंचित उशिरा मिटली की पांढरे ओघळ उठतात. दात्यांच्या चाकांचे असे काटेकोर काम कोल्हापुरात, कारखान्याच्या आधाराशिवाय, करायचे होते. हाती असलेल्या प्रोजेक्टरची मदत एवढीच की त्याचे अंतरंग कॅमेऱ्याच्या सख्ख्या भावासारखे असते.

काम अर्ध्यावर असताना १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांवर तो फार मोठा आघात होता. परंतु हे अपुरे यंत्र त्यांनी अडगळीत टाकले नाही. विष्णुपंत दामले या हुशार शिष्याला बरोबर घेऊन ते खटपट करीत राहिले आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला. त्याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, तर राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय कंपनीला लाभला. ज्यांना प्रतिष्ठित समाज पंक्तीला बसवत नसे अशा एका गायिकेच्या पैशातून मराठी चित्रकलेचे हे नवे दालन उघडले, ही गोष्ट इतिहासाने विसरू नये.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात आर्यन थिएटरमध्ये प्रदर्शित झाला. त्या वेळी चित्रपटात काम करणे स्त्रियांना लांच्छनास्पद मानले जाई. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती. बाबूरावांना मात्र खऱ्या स्त्रिया हव्या होत्या. कारण नाटकात लांबून चालून जाणारी गोष्ट कॅमेऱ्यापुढे चालत नाही. कॅमेरा गालावरची दाढीची निळसर छटासुद्धा लपवत नाही. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या आणि कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर दिसल्या. समाजाची बोलणी खाऊन त्यांनी केलेले धाडस बाबूरावांच्या कॅमेऱ्याएवढेच मोलाचे मानले पाहिजे.

'सैरंध्री'चे कथानक कीचकवधाचे. हाच विषय कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ साली रंगभूमीवर आणला होता, आणि त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांनी व सरकारनेही ओळखले होते. पुढे त्या नाटकावर बंदी आली. त्यामुळे दहा वर्षांनी तोच कीचक मूकपटात पडद्यावर आला, तेव्हा शब्दांची गरजच उरली नव्हती. बाबूरावांनी वधाचा प्रसंग इतका हुबेहूब चित्रित केला होता की प्रेक्षक हादरले, आणि अखेर तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्यांचे निधन झाले.

येथे थोडे थांबून बाबूरावांच्या पद्धतीकडे पाहू. पहिली गोष्ट म्हणजे, ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे पडदे रंगविण्यात घालवली, त्यानेच चित्रपटातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. नाटकातला पडदा एका जागी बसून पाहायचा असतो. कॅमेरा जागा बदलतो आणि त्याबरोबर रंगवलेली खोली खोटी पडते. म्हणून त्यांनी लाकूड आणि कापडाचे, लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारले. नट खांबामागून येऊ लागला, खांबाची सावली नटावर पडू लागली. आपल्याच हातची कला बाजूला सारणे कोणत्याही कलावंताला जड जाते. बाबूरावांना ते जमले, कारण त्यांची निष्ठा प्रेक्षकाला खरे वाटण्यावर होती.

दुसरी गोष्ट, चित्रीकरणापूर्वी ते प्रसंगाची रेखाचित्रे काढीत. पात्र कोठे उभे राहील, वेष कसा असेल, मान कोणत्या बाजूला वळेल, हे कागदावर ठरत असे. मूकपटात पात्राला बोलता येत नाही. त्याचे उभे राहणे हेच त्याचे बोलणे. खांदे पाडून उभा असलेला माणूस पाठमोरा असला तरी हरलेला दिसतो, हे चित्रकाराला सांगावे लागत नाही. चित्रपट पूर्ण झाल्यावर त्याची जाहिरातही ते स्वतःच रंगवीत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांतील अगदी जुन्या पोस्टरांपैकी एक मानले जाते.

तिसरी गोष्ट उजेडाची. त्या काळच्या कृष्णधवल फितीला तांबडा रंग दिसत नसे. लाल लुगडे काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. रंगांत वाढलेल्या चित्रकाराला सगळे रंग विसरून केवळ काळ्या-पांढऱ्यात विचार करावा लागत होता. त्यातच चित्रीकरण सूर्यप्रकाशावर चाले, म्हणजे रात्रसुद्धा दिवसाच घ्यायची. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग करून रात्रीच्या लढाईचे प्रसंग घेतले. हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका खुद्द बाबूरावांनी, तर शेलारमामाची शांतारामांनी केली होती. कोंढाण्याची लढाई रात्रीची. ती लख्ख उन्हात दाखवली असती तर कथा कळली असती, पण कडा चढणाऱ्या मावळ्यांच्या जिवाची भीती प्रेक्षकाच्या पोटात शिरली नसती. अंधार हीच त्या प्रसंगाची भावना होती.

आणि मग १९२५ साल उजाडले. जगाच्या चित्रपट-इतिहासात हे वर्ष मोठे समजले जाते. रशियात आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' आणि अमेरिकेत चॅप्लिनचा 'द गोल्ड रश' याच वर्षीचे. त्याच वर्षी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत, लढाया नाहीत. नारायण हरि आपटे यांची कथा, आणि तीत एक साधा शेतकरी. खोट्या कागदपत्रांच्या जोरावर सावकार त्याची जमीन गिळतो आणि त्याला गाव सोडून शहरात गिरणी कामगार व्हावे लागते. तरुण शेतकरी झाले होते शांताराम, त्याची बायको कमलादेवी, आणि सावकार झुंझारराव पवार.

या विषयामागे महाराष्ट्राच्या खेड्यांचा कित्येक पिढ्यांचा हुंदका आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले होते. सुपे येथून तो वणवा पेटला. त्या शेतकऱ्यांनी मुख्यतः कर्जाची खते आणि कागद हिसकावून जाळले. कारण आपला वैरी त्या कागदात लपला आहे हे निरक्षर असूनही त्यांना पक्के ठाऊक होते. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी कायदा केला. तरीही पन्नास वर्षांनी बाबूरावांना हा विषय ताजाच सापडला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या पणजोबांनी असाच एक कागद न वाचता त्यावर अंगठा उठवला होता आणि विहिरीलगतचे रान घालवले होते, ही हकिगत आजीकडून मी अनेकदा ऐकली आहे. आकडा किती, व्याज किती, हे तिला सांगता येत नाही. ती एवढेच सांगते की त्या दिवशी संध्याकाळी घरात चूल पेटली नाही आणि दावणीचे बैल रात्रभर हंबरत होते. दुःखाचा हिशेब माणसाच्या ध्यानात राहत नाही, दुःखाचे चित्र राहते. 'सावकारी पाश'विषयी वाचताना हे मला फार जाणवले.

कारण याच कथेवर बाबूरावांनी पुढे काढलेल्या बोलपटातील जो प्रसंग आठवणीत राहिला, तो नेमका तसाच आहे. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे अनेक वर्षांनी त्याची आठवण नोंदवून ठेवली. लांबून घेतलेले एक दृश्य : मंद प्रकाशात एक उदास झोपडी, आणि विव्हळणारे एक कुत्रे. बस्स, एवढेच.

वाचकहो, या दृश्याचा थोडा विचार करून पाहा. त्यात शेतकरी नाही, सावकार नाही, रडणारी बायको नाही. कॅमेरा जवळ नेऊन नायिकेचे अश्रू दाखवणे दिग्दर्शकाला अवघड नव्हते. त्यांनी उलट केले, कॅमेरा दूर नेला. दूर गेल्याने झोपडी लहान झाली आणि भोवतालचा अंधार मोठा झाला. अफाट काळोखात एवढासा उजेड. तो टिकेल की विझेल अशी धास्ती पाहणाऱ्याला वाटू लागते, आणि ती धास्ती म्हणजेच त्या कुटुंबाची अवस्था. कुत्र्याची तर आणखी गंमत आहे.   रात्री कुत्रे रडणे अशुभ, ही समजूत घेऊनच आपला प्रेक्षक थिएटरात येतो. ते विव्हळणे कानावर पडले की अशुभाची चाहूल त्याच्या मनात आपोआप उठते. पडद्यावर अर्धे चित्र ठेवायचे आणि उरलेले अर्धे प्रेक्षकाकडून पुरे करून घ्यायचे, हे दिग्दर्शकाचे सर्वांत मोठे कसब होय. प्रकाश कमी ठेवणे, कॅमेरा लांब ठेवणे, माणसे चौकटीतून वगळणे, ही तीन तंत्रे झाली. तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात : या घराला आता कोणी नाही.

दुर्दैवाने १९२५ चा मूकपट चालला नाही. पौराणिक चमत्कारांना आणि ऐतिहासिक लढायांना सरावलेल्या प्रेक्षकाला स्वतःच्याच घरातले दुःख तिकीट काढून पाहणे रुचले नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांकडे वळले. याबद्दल त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. कंपनीच्या चुली या धंद्यावर पेटत होत्या, आणि काळाच्या पुढे चालणाऱ्याला पुष्कळदा थांबून मागच्यांची वाट पाहावी लागते.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार दिवस तग धरू शकली नाही. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. ज्याने मुक्या चित्राला बोलते केले होते, त्याला खऱ्याखुऱ्या बोलपटाच्या युगात मात्र पूर्वीचे स्थान मिळाले नाही. 'उषा' (१९३५) आणि 'प्रतिभा' (१९३७) हे बोलपट त्यांनी दिग्दर्शित केले. आणि १९३६ मध्ये 'सावकारी पाश' पुन्हा एकदा, या वेळी आवाजासह, पडद्यावर आणला. अकरा वर्षांपूर्वी लोकांनी नाकारलेला विषय त्यांनी मनातून टाकलेला नव्हता, हे यावरून दिसते.

शिष्यांनी मात्र गुरूची विद्या पुढे नेली. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांतारामांनी नारायण हरि आपटे यांचीच कथा घेऊन 'कुंकू' (१९३७) काढला आणि त्यात पार्श्वसंगीत अजिबात वापरले नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा गलबला, एवढ्यावर जरठ-कुमारी विवाहाची घुसमट ऐकवली. आवाज आल्यावरही कोठे गप्प बसायचे, हे ज्ञान मूकपटाच्या शाळेतून आलेल्या माणसालाच असणार. पुढे १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटाच्या दिग्दर्शनात गुरू आणि शिष्य पुन्हा एकत्र आले.

अखेरपर्यंत बाबूरावांचा कुंचला आणि छिन्नी थांबली नाही. चित्रे आणि शिल्पे यांत ते रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. लोकांनी त्यांना 'कलामहर्षी' म्हटले, ते सार्थच होय.

आज १९२५ चा 'सावकारी पाश' आपल्याला पाहता येत नाही. मूकपटांच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या लवकर पेट घेत, दमट हवेत कुजत, आणि कित्येक तर त्यातल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. भारतातील बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले. मातीच्या गणपतीसारखी ही कला पाण्यात विरघळून गेली. तरीही त्याच कथेच्या बोलपटातील एका झोपडीचे आणि एका कुत्र्याच्या विव्हळण्याचे चित्र, ते पाहणाऱ्याच्या मनात राहिले आणि त्याच्या शब्दांतून आपल्यापर्यंत पोहोचले. मूकपटाची फीत गेली, पण त्या कथेचे दृश्य राहिले.

आज खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. ज्या यंत्रासाठी एका भावाने आयुष्य वेचले आणि दुसऱ्याने वर्षानुवर्षे कानस घासली, ते आता आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे. तंत्र एवढे सोपे झाल्यावर प्रश्न उरतो तो, ते कोणाच्या झोपडीकडे वळवायचे हा. बाबूरावांनी ते एकदा आपल्या शेतकऱ्याच्या झोपडीकडे वळवले होते आणि त्याची किंमतही मोजली होती. कर्जाच्या ओझ्याखाली जीव देणाऱ्या शेतकऱ्यांच्या बातम्या आजही वर्तमानपत्रात येतात आणि आपण पान उलटतो. बातमीत आकडा असतो. त्या आकड्यामागचा काळोख आणि त्यातला मिणमिणता दिवा दाखवणारा कोणी आपल्याच वर्गातून, एखाद्या मिस्त्रीच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातून, निघाला तर कलामहर्षींचे ऋण थोडेतरी फिटेल.